भांडणाची वही

अक्का,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्ही असतात तर अर्ध्यातून उठून गेला असतात. मोठ्या सरांनी माईक हातात घेऊन सांगितलं की तुम्ही अत्यंत शांत, मितभाषी आणि शिस्तप्रिय शिक्षिका होतात. मी दचकून फोटोकडे पाहिलं, चुकून दुसऱ्याच कुणाला हार घातला की काय म्हणून. फोटो तुमचाच होता. तोंड किंचित उघडं, कॅमेरावाल्याला काहीतरी सुनावताना काढलेला.

मग दोन मिनिटं स्तब्धता. सगळी शाळा खाली मान घालून उभी राहिली आणि तुमची सहावी ब मात्र अर्ध्या मिनिटात कुजबुजायला लागली. मोठ्या सरांनी डोळे वटारले. मी डोळे वटारले नाहीत, एवढं तुम्हाला सांगून ठेवतो. दहा दिवस झाले तुम्हाला जाऊन आणि त्या वर्गाची मला सवय होत चालली आहे.

सभा संपली, चहा झाला, आणि मोठ्या सरांनी माझ्या हातात एक कागद दिला. लेखी खुलासा मागितला आहे, सोमवारी सकाळपर्यंत. का, तर तपासणी तोंडावर आली असताना सहावी बची बाकं मी सांगूनही रांगेत लावली नाहीत. आणि कपाटातल्या तुमच्या त्या तपकिरी वह्या रद्दीत द्यायला सांगितल्या होत्या, त्या दिल्या नाहीत. खुलासा समाधानकारक नसेल तर वर्ग माझ्याकडून काढून घेऊन दुसऱ्याला देणार आहेत.

हसा आता. मी! ज्या माणसाने अकरा वर्षं तुमच्याशी रांगेच्या बाजूने भांडण केलं, त्यालाच बाकं गोल ठेवली म्हणून कागद मिळाला. आज रविवार आहे. खुलासा लिहायला बसलो आणि हातून तुम्हालाच पत्र सुरू झालं.

तुमचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यात एक भिंत, तीही वरती हातभर उघडी. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण तुमच्या वर्गाच्या गोंगाटात ती कधी ऐकू आली नाही. साक्री-पिंपळनेर रस्त्यावरच्या या शाळेत मी जामनेरहून नवा आलो होतो, गणिताचा मास्तर, शिस्तीचा मोठा अभिमान. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही माझ्या दारात येऊन उभ्या राहिलात आणि सगळ्या पोरांसमोर विचारलंत, "भाऊ, तुना वर्ग इतला गप कसाले शे? पोरे जित्ता शेतस ना?"

पोरं हसली. मला राग आला. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या वर्गात रोजच आठवडे बाजार भरतो, त्याचं काय?"

"बजारमा मानसे बोलतस तरी!" म्हणालात आणि निघून गेलात.

तिथून आपलं जे सुरू झालं ते थांबलंच नाही. चहाच्या वेळी, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर, तुमच्या एसटीची वाट बघताना, आपण भांडलोच. तुमचं म्हणणं, पोरांना चार जणांत बसून काम करता यायला हवं, आणि ते आपोआप येत नाही, पाढ्यांसारखं शिकवावं लागतं. माझं म्हणणं, पाढे आधी शिकू द्या. मी सांगायचो की गट केले की हुशार पोर राबतं आणि बाकीचे मजा बघतात. कारण मी गट करून पाहिले होते ना! एका साहेबांची भेट होती तेव्हा पाच-पाच पोरांना टेबलाभोवती बसवलं, गटांना गुलाब, मोगरा अशी नावं दिली, प्रत्येक गटाला सगळ्यात हुशार पोर गटप्रमुख नेमलं. गटप्रमुखांनी तक्ते लिहिले, इतरांनी कडेला वेलबुट्टी काढली. साहेब खूश झाले. तुम्ही खिडकीतून बघत होतात.

"हाई गटकार्य शे का भाऊ? एक जन नांगर वढस, चार जन बांधवर बसतस."

तुमच्या वर्गात गटप्रमुख नव्हता. चौघांत पेन एकच असायचं आणि ते दर ओळीला हात बदलायचं. उदाहरण आधी पुस्तकातल्या मराठीत वाचायचं, मग ज्याच्या घरी जी बोली असेल तिच्यात एकमेकांना सांगायचं. गावातली पोरं अहिराणीत सांगायची, पाड्यावरची त्यांच्या बोलीत, दुकानदारांची मारवाडीत. त्याशिवाय उत्तराला हात लावायचा नाही. फळ्यावर कोण येणार ते चिठ्ठी उचलून ठरायचं, त्यामुळे एकाला आलं आणि तिघांना नाही आलं तर अख्खा गट अडकायचा. आणि तुमचं ते वाक्य, जे भिंतीवरून माझ्या वर्गात दिवसातून चारदा यायचं: "ज्याले येस, त्यानी आते गप बसानं!" माझ्या पोरांना ते इतकं पाठ झालं होतं की मी फळ्यावर गणित सोडवायला लागलो की मागून कुणीतरी पुटपुटायचं.

आणि वही. भांडणाची वही.

ती मला कळायला फार वर्षं लागली, आणि कळायच्या आधी मी तिचं वाटोळं केलं. गटात भांडण झालं की वही काढायची. तारीख घालायची. आणि आपलं म्हणणं लिहायचं नाही, समोरच्याचं लिहायचं. त्याला वाचून दाखवायचं. तो "हो, हेच म्हणालो मी" म्हणेपर्यंत खोडायचं, पुन्हा लिहायचं. मग त्याने त्याखाली सही करायची. दोघांच्या सह्या झाल्या की कामाला लागायचं. भांडण कुणी जिंकलं, हे कुठेच लिहायचं नाही.

तुम्ही आजारी पडून दोन दिवस रजेवर होतात आणि तुमच्या वर्गाचे ऑफ तास माझ्याकडे आले. टेबलावर वही दिसली. मी चाळली. पानोपानी भांडणं, नावानिशी, तारखेनिशी! मला वाटलं ही तुमची तक्रारवही. ज्यांची नावं त्यात सापडली त्यांना मी बाकावर उभं केलं. जवळजवळ सगळा वर्गच उभा राहिला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एक पोरगी रडायला लागली आणि म्हणाली, "सर, हे तर मिटलेलं आहे." मी म्हटलं, मिटलेलं असेल तर लिहिलं कशाला?

तुम्ही परत आलात आणि पुढचा महिनाभर वहीत एक अक्षर पडलं नाही. पोरं भांडली तरी लिहिनात. तुम्ही मला शाळेमागच्या लिंबाखाली बोलावून झाडलंत. तेवढा मार मी माझ्या बापाच्या हातचाही खाल्ला नव्हता, आणि तुम्ही तर हातही उचलला नाहीत. शेवटी म्हणालात, "तू पोरेसले एकच काम शिकाडस. गप बसानं." नंतर माझ्याशी तीन दिवस बोलला नाहीत. ते तीन दिवस मला भिंतीपलीकडच्या गोंधळाचीही किंमत कळली नाही, मी आपला फुगून बसलो होतो. शेवटी पोरांची माफी मागायला तुम्ही मला वर्गात नेलंत आणि मी मागितली. मनातून मागितली नव्हती. ते तुम्हाला तेव्हाही कळलं असणार.

मनातून मागायची वेळ भरताच्या दिवशी आली.

दर हिवाळ्यात तुमचा वर्ग शाळेमागच्या शेतात भरीत करायचा. चिठ्ठ्यांनी गट पाडायचे, वांगी आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं पोरांनी ठरवायचं. या हिवाळ्यात तुम्ही चिठ्ठ्यांत माझंही नाव घातलंत. "सर म्हनीसन नही, गटना गडी म्हनीसन," अशी अटही घातलीत. मी खूश. भरीत म्हणजे आमच्या जामनेरकडचं राज्य, धुळे जिल्ह्याने आम्हाला काय शिकवावं!

माझ्या गटात तुमच्या त्या दोघी आल्या. एक खुशी, साक्रीच्या कापड दुकानदारांची मुलगी, वर्गात पहिली, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ न देणारी. दुसरी मीना, पिंपळनेरच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरून येणारी, जी पाचवीचं अख्खं वर्ष वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आणखी दोघं होते. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजली, सोलली, सगळं त्यांनी केलं. मी हात मागे बांधून उभा होतो, खरंच होतो. मग लाकडी बडगीत वांगी घालून मुसळीने ठेचायला सुरुवात झाली आणि मीना इतक्या हळू ठेचत होती, मध्येच थांबून तिघांशी काहीतरी बोलत होती, की मला राहवेना. "आण इकडे," म्हणून मी मुसळी घेतली. लसूण घातला, मिरची घातली, कांद्याची पात घातली, पाच मिनिटांत असं भरीत केलं की वासाने शेजारच्या गटातली पोरं गोळा झाली.

माझ्या गटातलं मात्र कुणी हललं नाही.

खुशीच्या घरी कांदा-लसूण चालत नाही. मीनाने सुचवलं होतं की लसूण घालायच्या आधी खुशीचं भरीत वेगळं काढून ठेवू. तेच त्या हळूहळू बोलत होत्या, तेवढ्यासाठीच ती थांबली होती. खुशीने त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी मिठाशी खाल्ली आणि मला म्हणाली, "असू द्या सर." मला त्या "असू द्या"ने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मीना वही घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी आली. माझी बाजू तिने लिहायची होती. मी सांगितलं, तिने लिहिलं, मग वाचून दाखवलं: "सर म्हणतात, मला येतं म्हणून मी केलं."

बरोबर आहे का, असं तिने विचारलं. अक्का, मी त्या ओळीखाली सही केली आणि तिची माफी मागितली, या वेळी मनातून. वीस वर्षांच्या नोकरीत मी जे काही केलं ते सगळं त्या एका ओळीत बसत होतं. तुम्ही पलीकडून मजेत बघत होतात. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर एवढंच म्हणालात, "तुले येस म्हनीसन तू करस. मंग त्या कव्हय शिकतीन?" त्या दिवशी पहिल्यांदा मी उलट काही बोललो नाही. तुम्ही घाबरून विचारलंत, बरं नाही का म्हणून.

आता मार्कांचं.

इथे मी अजूनही तुमचं ऐकणार नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तर अजिबात नाही. मेलेल्या माणसाशी सगळे सहमत होतात, तसा मी होणार नाही. तालुक्याच्या नकाशाचा प्रकल्प तुम्ही गटांना दिलात आणि चौघांना मिळून एकच मार्क ठेवलात. खुशीने कागदाच्या मधोमध साक्री काढून अर्धा नकाशा एकटीने केला होता. मग मीना, जी पाचवीत वर्षभर गप होती, ती बोलली. ते पान माझ्यासमोर आहे. खुशीच्या सुबक अक्षरात मीनाची बाजू: "मीना म्हणते नकाशात तिचा पाडा नाही. मी म्हटलं पुस्तकात पण नाही. मीना म्हणते पुस्तकवाले आले नसतील, तू तर पाड्यावर आली होतीस." आणि मीनाच्या वाकड्या अक्षरात खुशीची बाजू: "खुशी म्हणते, मी काढत होती तेव्हा सगळे बघत होते, कोणी बोललं नाही. आता बोलून काय उपयोग. काढून काढून तिचे डोळे दुखतात." दोघींच्या सह्या. त्या नकाशात पाडा घालायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी नवा कागद घेतला, आणि मुदत उलटली. चौघांना दहापैकी पाच मार्क.

खुशीचे वडील अर्ज घेऊन आले. माणूस सभ्य, आवाज कधी चढवायचा नाही. म्हणाले, मुलीला गटातून काढा आणि तिचे मार्क तिला वेगळे द्या, दुसऱ्यांच्या उशिराची शिक्षा तिला कशाला? तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं तुम्ही हट्टाला पेटल्या आहात. मला अजूनही तसंच वाटतं. गटात काम करायला शिकवा, पण मार्क ज्याचे त्याला द्या, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. तुम्ही म्हणायच्या, मार्क वेगळे झाले की पेन पुन्हा एकाच हातात जाईल. मी म्हणायचो, जाईल तर तुमचं शिकवणं कच्चं.

हे सगळं मी तुमच्या तोंडावर बोललो. जे बोललो नाही ते आता सांगतो.

मोठ्या सरांनी तुम्हाला बोलावून ताकीद दिली, आठवतं? खुशीला वेगळ्या बाकावर बसवायचा हुकूम दिला. त्या कागदात एक ओळ होती, की आपल्या एका सहकारी शिक्षकाचंही हेच मत आहे. तुम्ही तो कागद घेऊन तरातरा माझ्याकडे आलात. तुमचा श्वास लागला होता. "कोन शे हाऊ? म्हना त्याले, तोंडवर बोल!" आणि माझ्यासमोर बसून अर्धा तास त्या माणसाचा उद्धार केलात. मी तुमच्यासाठी चहा मागवला. माझा चहा मी ढवळत राहिलो, साखर विरघळून गेली तरी ढवळत राहिलो.

तो मी होतो, अक्का. खुशीच्या वडिलांच्या अर्जाखाली "अर्जाशी सहमत" असं लिहून मी सही केली होती. मत माझं खरं होतं, त्याची मला लाज नाही. तुम्हाला न सांगता पाठीमागे सही केली, त्याची आहे. तुम्ही अर्धा तास शिव्या दिल्यात आणि शेवटी म्हणालात, "भाऊ, तू बरा. तू भांडस तरी समोर." त्यानंतर कसं सांगणार होतो मी? आज सांगू, उद्या सांगू करत गेलो. वाटलं, निवृत्तीच्या समारंभात सांगून टाकीन, सगळ्यांसमोर, म्हणजे तुम्हाला चारचौघांत फार ओरडता येणार नाही. तुम्ही तेवढी दोन वर्षं थांबायला काय हरकत होती?

खुशी वेगळ्या बाकावर बसली, पण तीन आठवड्यांनी न विचारता आपलं दप्तर उचलून गटात परत गेली. मी तिला विचारलं, का गं? म्हणाली, "सर, एकटीचं चुकलं तर कोणी सांगतच नाही." तिचे वडील काल सभेला आले होते, मागे उभे होते. मला म्हणाले, मार्कांचं मला अजून पटलेलं नाही मास्तर, पण पोरगी घरात ऐकून घ्यायला लागली आहे, ते कुठून आलं ते मला माहीत आहे. बघा, तो माणूस माझ्यापेक्षा सरळ निघाला.

आणि आता शुक्रवारचं.

तुमचा वर्ग माझ्याकडे आल्यावर मोठ्या सरांनी सांगितलं की तपासणीच्या आधी बाकं रांगेत लावा, आणि त्या वह्या काढून टाका. त्यांनी एक वही चाळली होती. "पानोपानी मारामारी," म्हणाले, "साहेबांच्या हाती लागली तर शाळेची काय इज्जत राहील?" अगदी मीच बोलत होतो जणू. मी मान हलवली. वर्गात गेलो आणि पोरांना म्हटलं, बाकं रांगेत लावा.

त्यांनी लावली. एक शब्द बोलली नाहीत. लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा झाला आणि मग सगळे फळ्याकडे तोंड करून बसले. अकरा वर्षांत सहावी ब इतकी गप मी कधी ऐकली नव्हती. मला जे हवं होतं ते माझ्यासमोर चाळीस पोरांनी मांडून ठेवलं होतं. तुमचं ते दारातलं वाक्य आठवलं. पोरे जित्ता शेतस ना?

मग मीना उठली. वही घेऊन टेबलापाशी आली, टोपण काढलं आणि म्हणाली, "सर, आमचं तुमच्याशी भांडण आहे. तुमची बाजू सांगा, मी लिहिते."

मी म्हटलं, "मोठे सर म्हणाले म्हणून."

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. "सर म्हणतात, मोठे सर म्हणाले म्हणून." मग वर बघून विचारलं, "बरोबर लिहिलं का?"

बरोबर लिहिलं होतं. मी पेन हातात घेतलं आणि मला सही करता येईना. "मला येतं म्हणून मी केलं" याखाली मी सही केली होती, कारण त्यात निदान मी होतो. या ओळीत तर मी कुठेच नव्हतो. पोरं बघत होती. खुशी बघत होती. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "खोड ते. बाकं होती तशी लावा." आणि मग जो दंगा झाला, अक्का, तुमचा जीव निवाला असता. मधल्या सुट्टीत मी वह्यांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि घरी आणून ठेवला. माझ्या घरातून त्या कुणी रद्दीत नेऊन दाखवाव्यात.

तर हा माझा खुलासा. उद्या मोठ्या सरांना देणार आहे तोही तुमच्याच पद्धतीने लिहिला आहे. पहिल्या परिच्छेदात त्यांची बाजू: तपासणी आहे, शाळेच्या नावाची काळजी आहे, गोंगाटाची तक्रार शेजारच्या वर्गांनी अकरा वर्षं केलेली आहे, आणि ती करणारा मीच होतो. मी ते त्यांना वाचून दाखवणार आणि विचारणार, बरोबर लिहिलं का? ते हो म्हणाले तर सही मागणार, आणि मग माझी बाजू त्यांनी लिहायची. ते चिडतील. वर्ग काढून घेतो म्हणतील. घ्या म्हणावं. ज्याला वर्ग द्याल त्याच्या टेबलापाशी मीना वही घेऊन जाईल, हे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवणार आहे. चाळीस पोरांच्या अंगात शिरलेली गोष्ट कोणत्या कपाटातून काढून रद्दीत घालणार आहेत ते?

साहेब आले तर साहेबांनाही वही दाखवीन. मी पोरांना बाकावर उभं केल्यावर जिथे तारखा महिनाभर तुटल्या, ते पान आधी उघडून देईन. म्हणजे कळेल तरी की शिक्षकाला वाचता येत नसेल तर काय होतं.

आणि आता शेवटचं. वहीत आजची तारीख घालून मी आपलं भांडण लिहिलं आहे. नियमाप्रमाणे माझं म्हणणं लिहिलं नाही. तुमचं लिहिलं आहे: "अक्का म्हणतात, मत काहीही असो, तोंडावर बोल. अक्का म्हणतात, मार्क वेगळे झाले की पेन पुन्हा एकाच हातात जाईल. अक्का म्हणतात, तो सही करणारा माणूस भित्रा आहे." तीनदा खोडून लिहिलं. मोठ्याने वाचूनही पाहिलं. मला वाटतं बरोबर आहे, पण ते तुम्ही म्हणायला हवं.

त्याखाली तुमच्या सहीची जागा रिकामी आहे. शेजारचं पान, जिथे तुम्ही माझी बाजू लिहायची होतीत, तेही कोरं आहे. ते मी स्वतः भरणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही भरू देणार नाही. सह्या झाल्याशिवाय भांडण मिटलं असं धरायचं नाही, हा नियम तुमचाच आहे. काल सभेत सगळ्यांनी तुम्हाला शांती मिळो म्हणून प्रार्थना केली. मी केली नाही. आपलं भांडण चालू आहे, अक्का. उद्या साडेदहाला सहावी बचा पहिला तास आहे आणि भिंतीवरून सगळ्या शाळेला ऐकू जाईल.

तुमचा,
भाऊ